दहावा फर्मा दोनदा

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी तोंड वाकडं करायला नको. पुस्तकं बांधणारी माणसं पुस्तकं वाचत नाहीत, असं लोक म्हणतात. लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. आम्ही वाचतो. फक्त तुमच्यासारखं पहिल्या पानापासून वाचत नाही. छापखान्यातून जो फर्मा आधी येईल तो आधी वाचतो.

फर्मा म्हणजे एक मोठा छापील कागद. त्याच्या तीन घड्या घातल्या की सोळा पानं होतात. पहिल्या पानाच्या तळाशी, कोपऱ्यात, मुंगीएवढा आकडा असतो, तो त्या फर्म्याचा नंबर. बायका हाडाच्या पट्टीने घड्या दाबतात, मग माझ्या लांबलचक टेबलावर नंबराप्रमाणे थप्प्या लागतात, आणि मी टेबलाच्या कडेकडेने चालत एकेक उचलत जाते. त्या टोकाला पोचले की हातात एक अख्खं पुस्तक. याला आम्ही मिळवणी म्हणतो. एकतीस वर्षं मी मिळवणी करते आहे. डोळे मिटूनसुद्धा करेन. हातात एक आला की दोन, हे बोटांना कळतं. माझ्या हातून आजवर एकदाही फर्मा चुकला नव्हता. बढाई वाटत असेल तर खुशाल वाटू दे, मालकांना विचारा.

दुपारी आमच्या कारखान्याला जरा गुंगी येते. खिडक्या उंच, पार छताजवळ. जेवणं झाली की ऊन तिथून तिरकं उतरतं आणि कागदाची धूळ त्यात नुसती तरंगत राहते, खाली बसायचं नाव घेत नाही. कापायचं यंत्र बंद असतं. खळीच्या पातेल्याचा आंबूस वास येत असतो. बायका भिंतीला टेकून पाय पसरतात, आणि त्या अर्ध्या तासात मी मोठ्याने वाचते. कुणी ऐकतं, कुणी झोपतं, कुणी झोपेतच ऐकतं. आमच्याकडची निम्मी पुस्तकं अशी डोळे मिटूनच संपली आहेत. जागी झाल्यावर एखादी विचारते, ‘ते घोडं पाण्यात पडलं ते पुस्तकात की माझ्या स्वप्नात?’ तेव्हा मलाही नक्की सांगता येत नाही.

त्या वर्षी एक आठवणींचं पुस्तक आलं. लिहिणाऱ्याला अकराव्या वर्षी शाळेच्या वाटेवरून उचलून नेलं होतं, हातात बंदूक दिली होती आणि तीन वर्षं लढायला लावलं होतं. चौदा फर्मे, तीन हजार प्रती. सुरुवातीची प्रस्तावना कुणा मोठ्या माणसाकडे अडकली होती, म्हणून छापखान्याने मागून सुरुवात केली. आधी चौदावा आला, मग तेरावा, मग बारावा.

त्यामुळे झालं काय, की तो माणूस आम्हाला आधी मोठा भेटला. एका थंड गावात, बेकरीत, कोपरापर्यंत पीठ लागलेला. फोनवर त्याची आई विचारते, ‘जेवलास का?’ आणि तो फोन कानाला धरून तसाच उभा राहतो, कारण बारा वर्षांत त्याला हे कुणी विचारलेलं नसतं. तिथे आमच्या सगळ्या बायका रडल्या. तेराव्यात तो छावणीत होता. खाटेवर झोप येईना म्हणून खाटेखाली झोपायचा, तर तिथली नर्स रोज रात्री आपली चटई त्याच्या शेजारी खाटेखाली टाकायची. बाराव्यात तो एकटाच चालत होता, नदीच्या काठाकाठाने, कुणाशी अवाक्षर बोलत नव्हता. दिवसागणिक पोरगं लहान होत चाललं. आधी त्याने बंदूक खाली ठेवली, मग हातात धरली. आधी आई सापडली, मग हरवली.

‘मावशी,’ खळवाले काका म्हणाले, ‘असंच चालू राहू द्या. पहिला फर्मा येईपर्यंत पोरगं बरोबर घरी पोचेल.’

खळवाले काका म्हणजे आमचे पुठ्ठे चिकटवायची खळ शिजवणारे. साठी उलटली, पण तोंडाचा पट्टा अजून नवा. तरी हे मात्र ते खरं बोलले. त्या दिवसांत मला दुपारी डुलकी लागली की तेच दिसायचं: गोळ्या भिंतीतून निघून परत बंदुकीत जाताहेत, जळलेली छपरं आपली आपण शाकारली जाताहेत, आणि एक पोरगा उलट्या पावलांनी शाळेच्या वाटेवर येऊन दप्तर सावरतो आहे.

बाराव्यानंतर अकरावा यायचा. पण त्याच्या प्लेटी खराब निघाल्या, तो मागे पडला, आणि दहावा आधी आला.

आता पाहुणीबद्दल सांगायला हवं. पाहुणी ही आमची घड्या घालणारी. नऊ वर्षांपूर्वी सीमेपलीकडून आली, म्हाताऱ्या आईला घेऊन. ‘थोडेच दिवस काम द्या’ म्हणाली, म्हणून काकांनी नाव ठेवलं पाहुणी. नऊ वर्षं झाली, पाहुणी अजून जायचं नाव घेत नाही. वय छत्तीस-सदतीस. आमची भाषा आमच्यापेक्षा झकास बोलते, भांडते तर विचारूच नका. पण लिपी तिची वेगळी होती. आमची अक्षरं ती फर्म्यांवरूनच शिकली, घड्या घालता घालता. शब्दाखाली बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत वाचते. आकडे मात्र तिला पहिल्या दिवसापासून येतात.

दहाव्या फर्म्यात एक मुलगा होता. सगळे त्याला पाठबटण्या म्हणायचे. हा शर्ट उलटा घालायचा, बटणं पाठीवर. रोज सकाळी लेखकाकडे पाठ करून बसायचा, ‘लाव’ म्हणायचा, आणि लेखक ती पाच बटणं लावून द्यायचा. सगळं पथक हसायचं. कमांडरने दोनदा मारलं, तरी ह्याचा शर्ट उलटाच. लेखकाने एकदा विचारलं तर म्हणाला, ‘धाकट्या बहिणीला नुकतीच बटणं लावता यायला लागली होती. समोर बसलो की मी गाल फुगवायचो आणि ती हसत सुटायची, बटण काही लागायचं नाही. शाळेला उशीर व्हायचा. म्हणून शर्टच फिरवला.’

मी वाचत होते. भिंतीपाशी हाडाची पट्टी खाली पडल्याचा आवाज झाला.

‘मी,’ पाहुणी म्हणाली.

‘काय मी?’ मी जरा खेकसलेच. वाचताना मध्ये बोललेलं मला खपत नाही.

‘ती बटणं मी लावायचे.’

तिने हात पुढे केले होते, दोन्ही हातांची बोटं एकमेकांजवळ, जणू समोर खरंच कुणाची तरी पाठ आहे. सहा वर्षांची होती ती, तेव्हा भावाला नेलं. भाऊ बाराचा. तीस वर्षांत त्याची ना चिठ्ठी, ना निरोप. तिची आई अजून त्याच्याबद्दल बोलताना ‘आहे’ म्हणते, ‘होता’ म्हणत नाही, आणि दुसरं कुणी चुकून तसं म्हणालं तर उठून आत निघून जाते.

‘पुढे वाचा ना,’ पाहुणी म्हणाली.

मी वाचलं. फर्म्याच्या शेवटाशेवटाला पाठबटण्याच्या पायाला जखम झाली होती, तो लंगडत होता, पण चालत होता. शेवटच्या पानावर शेवटची ओळ अशी: ‘सकाळी त्याने नेहमीसारखी माझ्याकडे पाठ केली आणि’. बस्स. तिथे सोळा पानं संपली. फर्मा काही वाक्य पूर्ण व्हायची वाट बघत नाही. पुढचं सगळं अकराव्यात.

त्या दिवसापासून कारखान्यात दुसरा विषय नाही. एकच प्रश्न: पाठबटण्या वाचला का? नववा आला, आठवा आला, त्यात तो होता, दिवसेंदिवस जास्त धडधाकट. जखम नाही, लंगडणं नाही. नवव्यात त्याने कुठूनसा मधाचं पोळं आणलं आणि सगळ्यांचे ओठ सुजवले. पाहुणी हसून हसून लोटपोट, म्हणाली, हा घरीही असाच होता. सातव्यात तो अजून आलेलाच नव्हता. आणि शेवटी पहिल्या फर्म्यात लेखक शाळेच्या वाटेवर, आई दारातून हाका मारतेय, लढाईचा पत्ता नाही. आम्ही सगळ्यांनी समाधानाने सुस्कारा सोडला. ऊन भिंतीवर चढलं होतं. असं वाटलं, झालं, संपलं, सगळी पोरं आपापल्या घरी आहेत.

पण पाहुणी रोज सकाळी आत आली की चपला काढायच्या आधी विचारायची, ‘मावशी, अकरावा आला?’

काका एकदा माझ्या कानाशी लागले. ‘मावशी, बाराव्यात तो लेखक एकटाच चालत होता हो. शेजारी कुणी नव्हतं.’

‘तुमचं तोंड म्हणजे ना काका! खळ ढवळा, करपेल.’

आणि मी काय केलं असेल? माझा स्वभाव असा, की भीती वाटली की मी जास्तच ठासून बोलते. पाहुणीला म्हटलं, ‘आहे तुझा भाऊ. लिहून घे माझ्याकडून. देव तारी त्याला कोण मारी. पायाच्या जखमेने कुणी मरत नाही, कुठल्यातरी गावात राहिला असेल, बायकापोरं असतील, ढेरी सुटली असेल.’ संध्याकाळी घरी जाऊन तिने हे सगळं आईला सांगितलं. तोवर तिने आईला काहीच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, ‘आईने ढेरीचं ऐकलं आणि इतकी हसली. तीस वर्षांनी हसली, मावशी.’ मला तेव्हाच कानाला खडा लावायला हवा होता.

अकरावा आला तो गुरुवारी. पाहुणीने दोन दिवस रजा घेतली होती, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. गठ्ठा उतरवला, वरचा कागद मी ओढला, घडी घातली आणि उभ्याउभ्याच वाचला.

काय होतं ते सांगते, लपवून काय करायचंय. पथकाला नदी ओलांडून पळायचं होतं. ज्याला चालवत नाही त्याला जिवंत मागे ठेवायचं नाही, कारण मागे राहिलेला पकडला जातो आणि पकडलेला बोलतो. कमांडरचा हुकूम. आणि हुकूम दिला तो लेखकाला, कारण दोघं मित्र. तेरा वर्षांचं पोर ते. पाठबटण्याने नेहमीसारखी त्याच्याकडे पाठ केली. लेखकाने बटणं लावली. आणि मग.

मी तो कागद टेबलावर ठेवला. सगळीकडे तेच ऊन, तीच धूळ, पण मला वाटलं मी कुठल्यातरी भलत्याच खोलीत उभी आहे. ज्या पोरासाठी आम्ही रडलो, ज्याच्या आईच्या ‘जेवलास का’वर आम्ही पदर भिजवले, तो हाच. फर्मे उलटे आले म्हणून आम्ही त्याला आधी माफ करून बसलो होतो आणि गुन्हा आत्ता कळत होता. आता राग आणायचा तर कुठून आणायचा? येईना. कमांडरचा आला, पण तो काय पुस्तकाबाहेर थोडाच येतो. मला नुसतं रडू आलं, आणि मी रडले. काकांनी कागद उचलला, वाचला, चष्मा पुसला.

‘तिला कोण सांगणार?’ ते म्हणाले.

‘कुणी सांगायचं नाही.’

‘मावशी, अहो...’

‘आईचा डोळा आत्ता उघडतोय, काका. तीस वर्षांनी हसली म्हणे. मीच हसवलं तिला. मी नाही सांगणार आणि तुम्हीही मूग गिळून गप्प बसायचं.’

बाकीच्या बायकांनाही गप्प राहायची शपथ घातली, आणि त्यांच्याकडून त्याच दोन दिवसांत मी अकराव्याच्या सगळ्या घड्या घालून घेतल्या, मिळवणी केली, प्रती शिवायला पाठवून दिल्या. शनिवारी पाहुणी आली. चपला पायात तशाच.

‘आला होता गं,’ मी म्हटलं. ‘काही नाही त्यात. नुसतं चालणं, डोंगर, नदी. तुझ्या भावाचं नावसुद्धा नाही. वाटा वेगळ्या झाल्या असतील त्यांच्या.’

‘नाव नाही?’

‘नाही.’

‘म्हणजे मेला असं कुठे लिहिलेलं नाही.’

‘नाही,’ मी म्हटलं. खोटं बोलताना जीभ अडखळते म्हणतात. माझी जराही अडखळली नाही.

मग ती म्हणाली, ‘आईसाठी एक प्रत द्याल?’

आमच्याकडे तशी पद्धत आहे. ज्याला हवं असेल त्याला जास्तीच्या कागदांतून एक प्रत बांधून मिळते. आता अकरावा त्यात घालणार कसा? आणि काढला तर पुस्तक बारीक होणार, हातात घेतल्याबरोबर तिला जाणवणार, शेवटी ती घडीवाली. म्हणून त्या दुपारी, सगळ्या जणी भिंतीला टेकून पेंगत असताना, मी तिची प्रत मिळवली. सातवा, आठवा, नववा, दहावा. आणि अकराव्यावरून हात मागे घेऊन पुन्हा दहावाच. मग बारावा. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. बोटांनी साफ नकार दिला होता, सांगते तुम्हाला, मला ती ओढून न्यावी लागली. मग जुजबंदी केली, एकेका फर्म्याच्या कण्यातून दोरा ओवला, निळा कापडी पुठ्ठा चढवला. इतकं देखणं पुस्तक मी मालकांच्या मुलीलासुद्धा बांधून दिलं नव्हतं. मनात म्हटलं, बोट ठेवून वाचणारी बाई, तिला तिथवर पोचायला वर्ष लागेल. तोपर्यंत बघू.

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. अहो, ती पहिल्या पानापासून वाचेलच कशाला? तिचा भाऊ होता दहाव्यात!

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी आली. मी टेबल पुसत होते. पुस्तक तिने स्वच्छ टॉवेलात गुंडाळून आणलं होतं. इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या अगदी जवळ येऊन हळूच म्हणाली, ‘मावशी, कुणाला कळू देणार नाही मी. पण ह्यात दहावा दोनदा लागलाय.’

बघा कशी. माझीच लाज राखायला आली होती.

‘काल आईला वाचून दाखवलं,’ ती सांगत राहिली. ‘दिवसभर लागला. नवव्यातला मध, मग दहाव्यातली बटणं, सगळं. मग पान उलटलं तर पुन्हा तेच. मी थांबले, तर आई म्हणाली, थांबू नकोस, वाच. मग पुन्हा सगळं वाचलं. तिच्या डोळ्याला पट्टी आहे ना, तिला वाटलं पुस्तकच तसं आहे. म्हणाली, लिहिणारा शहाणा माणूस आहे, पोराला दुसऱ्यांदा आणलं त्याने.’ ती हसली. ‘तेवढा अकरावा द्या, मीच उसवून घालते.’

नेमके तेव्हाच काका आत आले, पातेलं काखेत. ‘काय? मावशीचा फर्मा चुकला? अरे, आज सूर्य पश्चिमेला उगवला की...’ आणि मग त्यांच्या लक्षात आलं. वाक्य तसंच राहिलं. ते पातेलं घेऊन मागच्या मागे बाहेर गेले.

पाहुणी दाराकडे बघत होती. मग तिने पुस्तकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

‘तुमचा फर्मा कधी चुकत नाही,’ ती म्हणाली.

मी फडका घट्ट धरून उभी होते. म्हणावं, म्हातारी झाले, डोळे गेले, हात थरथरतात. तोंडापर्यंत आलं सगळं. पण तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चालला होता आणि मला कळत होतं, की मी जे सांगितलं नाही ते ह्या प्रतीने तिला सांगून टाकलं आहे. दुसऱ्या कुणी बांधली असती तर ती चूक ठरली असती.

‘अकरावा कुठे आहे?’

‘अगं, ऐक माझं जरा...’

‘कुठे आहे, मावशी?’

मी बोट दाखवलं. कोपऱ्यात जास्तीच्या कागदांचा ढीग होता. ती गुडघ्यांवर बसली, तळाचे आकडे बघत एकेक कागद बाजूला सारत गेली. सापडला. तिने तिथेच, जमिनीवर, त्याच्या तीन घड्या घातल्या, नखाने दाबल्या, कडा फाडल्या. मी खाली वाकले, म्हटलं, ‘मी वाचून दाखवते.’

‘नको. तुम्ही मला बरं वाटेल तेच वाचता. अडले तर विचारीन, तेवढाच शब्द सांगा. एकही जास्त नको.’

ती खिडकीखाली बसली, मी तिच्या शेजारी. बायका आल्या, त्यांना काकांनी बाहेरच थोपवलं असावं, कारण कुणी आत आलं नाही. सकाळचं ऊन वेगळं असतं, पांढरं, त्यात धूळ दिसत नाही. तिचं बोट सरकत होतं. एक ओळ, मग दुसरी. किती वेळ गेला कुणास ठाऊक, मला तर वाटत होतं की तिचं बोट थांबलं तर तो पोरगाही तिथेच थांबेल, नदीच्या अलीकडे, आणि मी मनात म्हणत होते, थांब गं बाई, थांब. तीन शब्द तिने विचारले. पहिला ‘पाणवठा’. मी सांगितला. दुसरा ‘हुकूम’. सांगितला. मग पान उलटलं. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग आवाज आला, आणि ती एकेक अक्षर सुटं सुटं वाचायला लागली:

‘मी चार ब-ट-णं लावली. तो म्हणाला, वरचं राहिलं. ते लाव. राहिलं की ब-ही-ण... हे काय, मावशी? चि...’

तिसरा शब्द तो. गुरुवारपासून मी त्याच्यापासून पळत होते.

‘चिडते,’ मी म्हटलं. ‘बहीण चिडते.’

तिने बोट तिथे ठेवलं आणि कितीतरी वेळ उचललं नाही.

‘मी चिडायचे,’ ती म्हणाली. ‘खरंच चिडायचे. वरचं बटण कडक होतं, माझ्याच्याने लागायचं नाही, आणि तो तसाच पळायचा शाळेत. मी दारात पाय आपटायचे.’ मग पुढची ओळ वाचली, ती तिने मला विचारली नाही. ‘मी ते लावलं.’ आणि त्याच्या पुढची मनातच वाचली. ती ओळ मला पाठ आहे. तुम्हाला नाही सांगणार.

मग ती रडली, मोठ्याने, तोंडावर हात न घेता. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले तर तिने झटकला.

‘तुम्ही हे माझ्यापासून लपवून ठेवलंत?’ ती म्हणाली. ‘तो शेवटी माझ्याबद्दल बोलला, आणि तुम्ही म्हणालात त्यात काही नाही, नुसते डोंगर. तीन हजार लोक वाचतील ते. तीन हजार! आणि मी नाही?’

‘मला वाटलं, तू... तुझी आई...’

‘तुम्हाला वाटलं!’

मी मान खाली घातली. मला वाटलं होतं की मी तिचा भाऊ तिला देते आहे. मी तर त्याला तिच्या हातातून काढून घेत होते.

बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं, उठली, टेबलावरची माझी कात्री घेतली आणि निळा पुठ्ठा सोडवायला लागली. कणा उसवला, दोरे काढले, चौदा फर्मे सुटे झाले. अकरावा तिने जागेवर ठेवला. दोनदा आलेल्या दहाव्यातला एक काढून टाकावा म्हणून मी हात पुढे केला.

‘राहू दे,’ ती म्हणाली.

‘अगं, पण पुस्तक चुकीचं होईल.’

‘होऊ दे. दोन्ही दहावे राहू देत. आईला दोनदा ऐकू दे. हवं तर तिसऱ्यांदाही वाचेन. मग अकरावा वाचेन.’

सुई तिने स्वतःच ओवली. पहिला फर्मा शिवला, दुसरा शिवला. एकदा उसवलेल्या पुस्तकाची भोकं सैल होतात, ते पुन्हा एकटीला शिवता येत नाही, समोरून कुणाला तरी दोरा ताणून धरावा लागतो. मी समोर जाऊन बसले. दोऱ्याचं टोक तिच्या हातात होतं, माझ्याकडे द्यायला ती जरा थांबली.

‘माझ्यावर रागावलीस का गं?’ मी विचारलं.

‘हो,’ ती म्हणाली. ‘खूप.’ आणि टोक माझ्या हातात दिलं. ‘घट्ट धरा.’